स्विमिंग पूल साफ करणारा रोबोट पाचोळा उचलत नाही, बास्केट रिकामी आणि तळ तसाच? हे एकेक करून तपासा

अलिबाग साइडला किहीम, आवास, सासवणे, नागाव या पट्ट्यात व्हिलांच्या पूलची कामं करतो. दिवाळी झाली की थेट पावसाळ्यापर्यंत सगळ्यात जास्त येणारा फोन एकच, "दादा, रोबोट चालू आहे, फिरतोय, लाइट पण लागलीये, पण पानं उचलतच नाही." कुणाचा नवाकोरा असतो, कुणी नुकताच सर्व्हिस करून आणलेला असतो, आठवडाभर बरा चालतो आणि परत तेच, मग मशीन बदलायच्या गोष्टी सुरू होतात. माझं म्हणणं, जरा थांबा. बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते. पाणी ज्या वाटेनं रोबोटच्या आत येतं आणि बाहेर पडतं ती वाट कुठंतरी अडलेली असते, आणि नेमकी कुठं अडलीये ते शोधलं नाही तर तुम्ही कितीही वेळा बास्केट धुवा, आठ दिवसांनी तोच फोन परत करणार.

आत काय चालतं ते दोन वाक्यात सांगतो, कारण बाकी सगळं त्यावरच आहे. रोबोटच्या पोटात पंपाची मोटर असते, तिचा इम्पेलर, म्हणजे आतला छोटा पंखा, खालच्या तोंडातून पाणी ओढतो, ते पाणी जाळीच्या पॅनेलमधून गाळून वरच्या भोकातून जोरात बाहेर जातं आणि कचरा आतल्या बास्केटमध्ये राहतो. या वर फेकलेल्या पाण्याच्या जोरावरच रोबोट तळाला दाबून राहतो आणि भिंत चढतो. म्हणून माझी पहिली टेस्ट पानांची नसतेच, भिंतीची असते. जो रोबोट आधी वॉटरलाइनपर्यंत, म्हणजे पाण्याच्या वरच्या पातळीपर्यंत, चढायचा तो आता अर्ध्यातून घसरतोय किंवा भिंतीला नुसतं नाक लावून परत फिरतोय, तर समजायचं की पाणी ओढणं कमी झालंय. भिंत झकास चढतोय आणि तरी पानं राहतायत, तर मात्र मामला वेगळा, मग तोंड, फ्लॅप (तोंडाचा छोटा दरवाजा) आणि पानांचा साइज याकडे बघायचं. (ज्यांचं मॉडेल फक्त तळापुरतं आहे त्यांनी वरच्या भोकावर हात धरून बघा, रोबोट पूर्ण पाण्यात असताना, काठावर बसून, तुम्ही स्वतः पाण्यात न उतरता. झोत नीट लागला पाहिजे.)

आता पाणी ओढणं कमी झालंय असं धरू. सगळे पहिले काय करतात, बास्केट काढतात, पानं झटकतात, पाइपनं पाणी मारतात, "दादा, एकदम क्लीन आहे" म्हणतात. आणि खरंच क्लीन दिसते. इथंच सगळे फसतात. बारीक जाळीच्या पॅनेलची भोकं डोळ्याला दिसत नाहीत इतकी लहान असतात आणि त्यात तीन गोष्टी बसतात. एक म्हणजे लोकांच्या अंगाचं तेल आणि सनस्क्रीन. दुसरी म्हणजे बुळबुळीत थर, जो पॅनेल ओलंच ठेवून दिल्यावर धरतो. आणि तिसरी, आपल्याकडं सगळ्यात जास्त, क्षार. पूल भरायला बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी, ते जड, त्यात पीएच ७.८ च्या वर जाऊन बसलेला असतो, मग जो पांढरा थर तुम्हाला टाइल्सवर वॉटरलाइनला दिसतो तोच जाळीच्या भोकांतही जमतो. पाइपचं पाणी मारून तो निघत नाही.

टेस्ट एकदम सोपी. पॅनेल बाहेर काढा, आडवं धरा, वर मगभर पाणी ओता. चांगलं पॅनेल असेल तर पाणी ताबडतोब खाली पडतं, हातावर ओघळतं. चोक झालेल्या पॅनेलवर पाणी ताटात ठेवल्यासारखं उभं राहतं. आवासला एका बंगल्यावर केअरटेकर काकांना हे करून दाखवलं, त्यांनी पॅनेल नुकतंच घासून आणलं होतं, निळी जाळी अगदी चकचकीत, आणि मगभर पाणी त्यावर हललंच नाही, कडेनं थेंब थेंब गळत राहिलं. काका बघतच राहिले, म्हणाले "अहो मग हा पाणी ओढणार कुठनं." बरोबर तेच. पाणी बाहेर जायला जागा नाही तर आत येणार कसं, आणि पान काय स्वतःहून आत चालत येणार आहे का.

उपाय असा. आधी साध्या पाण्यानं पॅनेल नीट धुऊन घ्यायचं म्हणजे पूलचं क्लोरीन निघून जातं. मग तेलासाठी भांड्यांच्या लिक्विड सोपचे दोनचार थेंब, मऊ ब्रश, दोन्ही बाजूंनी, परत धुवायचं, अगदी फेस जाईपर्यंत, नाहीतर पूलमध्ये फेस होतो. मग क्षारांसाठी बादलीत कोमट पाणी, लिटरला साधारण दोन चमचे सायट्रिक ॲसिड, किराणावाल्याकडं लिंबूसत्व म्हणून मिळतं ते, आणि पॅनेल त्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवायचं. साधं व्हिनेगर पाण्यात घालूनही चालतं. हलके बुडबुडे येताना दिसले तर समजा क्षार होतेच. नंतर स्वच्छ धुवा आणि मगाची टेस्ट परत करा. दोन गोष्टी अजिबात करू नका, टाइल्स धुवायचं जे कडक ॲसिड असतं ते जाळीला लावू नका, आणि गाडी धुवायचा प्रेशर वॉशर जवळून मारू नका, जाळी फाटते किंवा कडेनं सुटते आणि मग बारीक माती सरळ परत पूलमध्ये. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कुठलंही ॲसिड, अगदी लिंबूसत्वसुद्धा, ज्या बादलीत किंवा मगात हायपो (लिक्विड क्लोरीन) किंवा क्लोरीनची पावडर घेता त्यात करू नका, दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन गॅस सुटतो. पंपरूममध्ये एकच बादली सगळ्याला वापरायची सवय असते म्हणून मुद्दाम सांगतोय.

आणि खरं सांगायचं तर पानांच्या सीझनमध्ये बारीक पॅनेल लावायचंच कशाला? बऱ्याच मॉडेलला दोन प्रकारची पॅनेल येतात, बारीक आणि जाड जाळीची. जाड जाळीचं पॅनेल बॉक्समध्येच पडून असतं किंवा वेगळं विकत घ्यावं लागतं म्हणून कुणी घेतलेलंच नसतं. पाचोळा जास्त असेल तेव्हा जाड जाळी लावून पहिली फेरी मारा, बास्केट रिकामी करा, मग बारीक पॅनेल लावून दुसरी फेरी धुळीसाठी. पानं आणि धूळ एकाच फेरीत बारीक पॅनेलवर घातली की धूळ पानांवर बसते, पानं जाळीला चिकटतात, आणि दोन अडीच तासांच्या सायकलमधला पहिला अर्धा तासच काय तो खरा काम करतो, उरलेला वेळ रोबोट नुसता फिरत असतो.

आता पानांकडं येतो, कारण "पानं उचलत नाही" हे वाक्य अर्धवट आहे, कुठली पानं ते सांगा. आपल्याकडं पूलच्या कडेला हमखास देशी बदाम असतो, सावली छान देतो, आणि गळायच्या आधी पान लालबुंद होतं, दिसायला सुंदर, पण पान वीतभर लांब आणि रुंद. रोबोटच्या तोंडाची फट त्याच्यापुढं काहीच नाही. असं एक पान जरी तळाशी सपाट पडलं असेल आणि रोबोट त्यावर गेला तर ते आत न जाता तोंडावर आडवं चिकटतं, आणि मग पंप चालू आहे तोपर्यंत ते तिथंच, मागची सगळी बारीक पानं बाहेर. रोबोट वर काढला, पंप बंद झाला की ते पान सुटून खाली पडतं, त्यामुळं तुम्ही बघता तेव्हा तोंड मोकळं! म्हणून कधीतरी रोबोट चालू असताना काठावरून नीट बघा, पोटाखालून पानाची कड बाहेर आलेली दिसते. आंब्याचं वाळलेलं पान तसंच, कडक, वळत नाही. साग असेल तर विषयच संपला, त्या पानाला कुठलाच रोबोट चालणार नाही, ते लांब दांड्याच्या जाळीनंच काढायचं.

उलट सुरूच्या काड्या आणि बांबूची पानं. ती तोंडातून आरामात आत जातात, पण काड्या एकमेकीत अडकून तोंडाशी गवताची गुंडी होते, किंवा पातळ काडी जाळीच्या कडेनं निसटून इम्पेलरपर्यंत पोचते. किहीमला समुद्राकडची सुरूची झाडं ज्यांच्या पूलजवळ आहेत त्यांना हा त्रास कायमचा. गुलमोहराची इवली पानं मात्र वेगळंच करतात, ती इतकी बारीक की तोंडातून जातात, आणि ओली झाली की जाळीवर पापुद्र्यासारखी बसतात, वीस मिनिटांत पॅनेल बंद. एप्रिल-मेमध्ये पाकळ्या पण त्यात. तिथं एकच, सायकल अर्ध्यावर थांबवून बास्केट रिकामी करायची आणि परत सोडायचा. कंटाळवाणं आहे पण दुसरा मार्ग नाही.

मग फ्लॅप. बास्केटच्या तळाला जिथून कचरा आत येतो तिथं एक छोटा दरवाजा असतो, काहींना रबराचा, काहींना प्लॅस्टिकचा स्प्रिंगवाला. पंप चालू असताना उघडा, बंद झाला की मिटला पाहिजे. तो मिटत नसेल तर आत गेलेली पानं सायकल संपल्यावर परत बाहेर. खूण एकदम पक्की, सकाळी बघाल तर बाकी तळ साफ आणि रोबोट जिथं थांबलाय बरोबर तिथं पानांचा ढीग, आणि उचलायला गेलात की खालून मळाचा ढग सुटतो. लोक म्हणतात रोबोटनं कोपऱ्यात कचरा ढकलला, तसं नाहीये, त्यानं उचलला होता, धरून ठेवला नाही. फ्लॅपच्या बिजागरीत बहुतेक वेळा एखादी काडी किंवा बी अडकलेली सापडते, काढून टाका. रबर कडक झालं असेल किंवा वाकलं असेल तर बदला, छोटा पार्ट आहे, सर्व्हिसवाल्याकडून तुमच्या मॉडेलचाच मागवा.

इम्पेलर बघायचा तर आधी भिंतीवरचं स्विच बंद, पिन काढा, मग केबल पॉवर सप्लायपासून सोडवा, त्याशिवाय बोट आत घालायचं नाही, बोट तुटू शकतं. वरचं पंख्याचं झाकण साधारणपणे दोनेक स्क्रूंवर असतं. उघडलं की पाती दिसतात, आणि पात्यांखाली शाफ्टवर हमखास केसांचा गुंता, त्यात सुरूच्या काड्या, कधी राखीचा नाहीतर गळ्यातला दोरा, कधी चिप्सच्या पाकिटाचा तुकडा. छोटी कात्री आणि चिमटा घेऊन काढा, स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, कारण त्याच्या मागंच मोटरचं सील असतं आणि ते गेलं की पाणी मोटरमध्ये, मग मात्र खरंच मोठा खर्च. हातानं फिरवून बघा, मोकळं फिरलं पाहिजे. घरघर आवाज येतोय किंवा पातं तुटलंय तर पुढं स्वतः काही करू नका. आणि "चालतोय का बघू" म्हणून रोबोट जमिनीवर ठेवून चालू करणं बंद करा, पाण्याशिवाय चालवला की सील तापून खराब होतात.

ब्रशचा विषय आपल्याकडं कुणी काढत नाही पण आपले बहुतेक पूल मोझॅक टाइल्सचे, गुळगुळीत. साधे रबरी ब्रश झिजले की त्यावर घसरतात, आणि रोबोट पानं तोंडाकडं ओढायच्या ऐवजी पुढं ढकलत नेतो. टाइल्ससाठी फोमचे ब्रश येतात ते जास्त धरतात. फोम वाळला की दगडासारखा होतो, त्यामुळं सोडायच्या आधी थोडा वेळ पाण्यात भिजू द्या.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट, आणि हीच लोकांना पटवायला मला जड जाते. रोबोट हा तळाची धूळ, माती, भिंतीवरचं शेवाळ यासाठी आहे. झाडाखालच्या पूलचा सगळा पाचोळा त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकलात तर तो हरणारच, कितीही महागडा घ्या. पानं आधी वरच्या वर काढायची. पान पडल्या पडल्या तरंगतं, काही तासांत किंवा दिवसभरात भिजून बुडतं, ह्या मधल्या वेळात ते स्किमरनं, म्हणजे पूलच्या भिंतीतल्या वरचं पाणी ओढणाऱ्या तोंडानं, धरलं पाहिजे. स्किमरच्या तोंडाचा हलता दरवाजा जागेवर आहे का बघा (खूपदा मोडून गेलेला असतो आणि कुणाच्या लक्षातही नसतं), बास्केट रोज रिकामी होते का, पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर आहे का, आणि रिटर्न इनलेटचे (फिल्टरचं पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडांचे) गोळे असे वळवा की वरचं पाणी फिरत फिरत स्किमरकडं जाईल. ओव्हरफ्लो पूल (पाणी काठावरून कडेच्या गटारात पडतं तो) असेल तर गटारातल्या जाळीखाली पानं कुजत असतात, तिथली ग्रेटिंग उचलून साफ करा, नाहीतर पानं बॅलन्सिंग टँकमध्ये (गटारातलं पाणी जमतं त्या टाकीत) जाऊन पाणी चहासारखं होतं, क्लोरीन टाकताय टाकताय आणि टेस्ट किटवर काही दिसतच नाही.

वेळ पण बघा. इथं दुपारी खारे वारे सुटतात, सगळा पाचोळा त्याच वेळी पूलमध्ये येतो, आणि बरेच जण नेमका दुपारी रोबोट सोडतात कारण गेस्ट जेवायला गेलेले असतात. अर्ध्या तासात परत पानं दिसतात आणि दोष रोबोटला. संध्याकाळी वारा पडला की खोल पिशवीच्या जाळीनं वरची आणि बुडलेली मोठी पानं काढा, दहा पंधरा मिनिटांचं काम आहे, चपट्या जाळीनं करू नका, त्यातून निम्मी परत पडतात. रात्रभर उरलेलं खाली बसू दे. सकाळी मेन पंप थोडा वेळ बंद ठेवून, पाणी शांत झालं की रोबोट सोडा. आणि माळीकाकांना सांगा, झाडलोट पूलकडून बाहेरच्या दिशेला करा, आणि ब्लोअर असेल तर तो पूलच्या बाजूला तोंड करून कधीच नाही.

जिथं तळाला पानांचा थरच साचलाय, म्हणजे व्हिला महिनाभर बंद होता वगैरे, तिथं रोबोट टाकूच नका. त्यासाठी गार्डन पाइपवर चालणारा लीफ व्हॅक्युम मिळतो, पाण्याच्या जोरानं पानं वरच्या पिशवीत ढकलतो, त्याचं तोंड मोठं असतं, बदामाचं पानही जातं. फक्त त्याला प्रेशर लागतं, एका मजल्यावरच्या टाकीच्या पाण्यावर तो चालत नाही, मग "हे पण फालतू निघालं" म्हणून कोपऱ्यात पडतो. प्रेशर पंपाच्या लाइनीवर लावा, फरक कळेल. घोटाभर पाण्याच्या सन डेकवरची पानं पण हातानंच काढायची, तिथं रोबोट हवा ओढतो.

पावसाळ्यातली एक गोष्ट वेगळी सांगतो. लाल माती वाहून आली, पाणी गढूळ झालं, की तुरटी नाहीतर दुसरं फ्लॉक मारतात, माती खाली बसते. ती बसलेली माती रोबोटनं काढायची नाही. तो चिकट गाळ बारीक पॅनेलला असा बसतो की धुताना जीव जातो, आणि निम्मा गाळ परत पाण्यात उडतो. ती हाताच्या व्हॅक्युमनं, सँड फिल्टरचा व्हॉल्व्ह वेस्टवर ठेवून, सरळ बाहेर काढा. शॉक क्लोरीन मारलं असेल तेव्हाही रोबोट बाहेर, क्लोरीन १ ते ३ पीपीएमवर आलं की मगच आत.

केबलला पीळ पडला असेल तर रोबोट एकाच बाजूला घुटमळतो आणि पूलचा अर्धा भाग तसाच राहतो, हे पण "पानं उचलत नाही" मध्येच धरलं जातं. पूर्ण केबल काढून उन्हात सरळ पसरून ठेवा, हातानं पीळ सोडवा. वर काढताना केबलनं फक्त काठापर्यंत आणायचा, मग हँडल धरून उचलायचा, काठावर दहा पंधरा सेकंद धरून पाणी निथळू द्यायचं. सायकल झाली की त्याच दिवशी बाहेर, पोटात भरलेली पानं घेऊन रात्रभर पाण्यात ठेवू नका. पॉवर सप्लाय काठापासून किमान साडेतीन मीटर लांब, सावलीत, पाणी साचणार नाही अशा उंच जागी, आणि त्या लाइनीला ईएलसीबी नाहीतर आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की लाइन तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. रोबोट आत असताना माणूस आत नको. रोबोटला साधारण २४-३० व्होल्टच जातं हे खरं, पण सप्लायला भिंतीतून २३० येतं आणि आपल्याकडं एक्स्टेंशन बोर्ड ओल्या लॉनवर पडलेले मी बघतो.

हे सगळं करून, मगाची टेस्ट पास, फ्लॅप मिटतोय, इम्पेलर मोकळा, ब्रश बरे, आणि तरी भिंत चढत नाहीये किंवा चालू होऊन काही मिनिटांत स्वतःच बंद पडतोय, तर मग पंप मोटर किंवा सप्लाय तपासायला द्या. देताना फक्त रोबोट देऊ नका, सप्लाय आणि केबलसकट सगळा सेट द्या, आणि पूलमध्ये चालू असतानाचा एक छोटा व्हिडिओ काढून पाठवा, कारण सर्व्हिसवाल्यांच्या टेबलावर तो बऱ्याचदा व्यवस्थित चालतो आणि तसाच परत येतो.